गेम अडखळला तर

बाबा,

तुमचा डोळा लागलाय म्हणून लिहून ठेवतेय. मी मुलाखतीला जातेय. जेवण ओट्यावर झाकलंय.

गाड्यांच्या शर्यतीचा तो जुना गेम अडखळला तर मला फोन करू नका. आधी चार्जर लावलाय का बघा. नव्या लॅपटॉपमध्ये चित्र दाखवणाऱ्या दोन ग्राफिक्स चिप आहेत, एक दमदार आणि एक वीज वाचवणारी. गेम जुना दिसला की लॅपटॉप त्याला किरकोळ समजून दुसरीवर ढकलतो. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये गेमसमोर ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा, गेम बंद करून परत उघडा. झालं.

आणि बाबा, हे सेटिंग आपोआप बदलत नाही. मी नीट करून ठेवते आणि माझी बॅग दारात दिसली की नेमकं ते उलटं झालेलं असतं. मागची मुलाखत त्यातच बुडाली. तेव्हा काही बोलले नाही. रिकामं घर खायला उठतं, हे मला कळत नाही का? माझ्याही अंगावर येतं ते, तुम्ही घरात असतानासुद्धा.

चपला हातात घेऊन निघतेय, आपल्याच घरातून चोरासारखी.

फोन करू नका म्हटलंय खरं, पण तो चालूच ठेवतेय.