नांदणारी कार्ट्रिज

प्रिय धाकट्या,

उत्तराला उशीर झाला असं म्हणणार नाही. उशीर मी केला. बाबा गेल्यावर आता त्यांचा रेकॉर्ड प्लेअर तुला हवाय, तोही तू त्यांना पाठवलेल्या कार्ट्रिजसकट, कारण ‘बाबांना ती फार आवडायची.’ हे वाचून आधी हसू आलं, मग इतका राग आला की इस्त्री तशीच राहिली आणि उशीची खोळ जळाली. ते पाप तुझ्या माथी.

आपलं दुरुस्तीचं दुकान आठवतंय ना? सुई धरणाऱ्या कार्ट्रिजला बाबा नवरी म्हणायचे आणि ती जिच्या टोकाला बसते त्या दांडीला, आर्मला, सासर. जड आर्मला ताठ सुईची हवी, हलक्याला मऊ सुईची. उलटं झालं आणि तबकडी जराशी वाकडी निघाली, की अख्खा आर्म डोलायचा, सूर थरथरायचा. मग बाबा मान हलवून म्हणायचे, ही इथे नांदायची नाही. मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा शेजारीपाजारी माझ्याबद्दल हाच शब्द वापरत होते. बाबांनी कधी वापरला नाही. वजनं जुळली नाहीत, एवढंच म्हणाले आणि माझी बॅग आत नेऊन ठेवली.

तुझं पार्सल आलं तेव्हा त्यांनी डबी उघडली आणि सुई भिंगाखाली धरली. महागडी, नाजूक, मऊ सुई. आपला आर्म केवढा जड, तो तर तूच त्यांच्या शेजारी बसून जोडला होतास! तू तो साफ विसरलास, हे त्यांना तिथेच कळलं. परत पाठवू म्हटलं तर माझ्यावरच खेकसले. पोरानं पाठवलीय, बसवायची.

त्यानंतर ते एरवी प्लेअर लावेनासे झाले. तुझा फोन आला की मात्र एक वाकडी तबकडी लावायची, फोन स्पीकरपाशी धरायचा आणि छान नांदतेय म्हणून सांगायचं. मला वाटायचं, तुझं मन राखतायत. तसं नव्हतं रे. ते वाट बघायचे. सूर डोलतोय हे तुझ्या कानाला कळेल, तू ओरडशील, बाबा, हे काय बसवलंत! तू दर वेळी ‘वा’ म्हणालास आणि घाईत फोन ठेवलास. शेवटी त्यांनी प्लेअरचं झाकण लावलं ते लावलंच.

काल मी जुनी कार्ट्रिज पुन्हा बसवली. तीच वाकडी तबकडी अगदी सरळ वाजली, आणि ऐकायला खोलीत मी एकटी. प्लेअर तुला मिळणार नाही. सोबतच्या डबीत तुझी कार्ट्रिज आहे, नीट पुसून ठेवलीय. वाईट नाही ती, तिच्याजोगता हलका आर्म शोध. फक्त ते वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. बाबांना ती मुळीच आवडत नव्हती. तू आवडायचास.

अजून तरी तुझीच,
ताई