अंकीचे हात

३ जुलै
कोरोनाच्या सर्वेवरून आले तर अंकी दारात उभी, हातात साबणाच्या पाण्याची बादली. "आई, तिथंच थांब. चप्पल कुंपनापाशी काढ." सातवीतली पोर, शाळा बंद म्हणून घरी, आणि हुकूम तहसीलदाराचा! आधी भांडं उचल म्हटलं तरी आदळआपट करायची. आता पहाटे उठून झाडलोट, भांडी, माझी साडी वेगळी भिजवलेली.
हे म्हणाले, "पोट्टी समजदार झाली व. लॉकडाऊननं एक तरी काम चांगलं केलं."
मलाही बरं वाटलं. गावची आशा सेविका मी; आशाताईच्या घरी तरी नियम पाळतात, कुणी बोट दाखवायला नको.

९ जुलै
गल्लीतल्या पोरांना हात धुणं शिकवायचं होतं. अंकीलाच ओट्यावर उभं केलं. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, सगळं नीट दाखवलं तिने. शेजारची कांताबाई म्हणे, "माह्या पोट्ट्याले आंघोळीले ढकलत न्या लागते. तुही पोरगी देव हाय बाप्पा."
टाळ्या झाल्या, पोरं पांगली. अंकी तिथंच, धूतच.
"पुरे ना अंके."
"थांब, एक बोट राह्यलं."
मग पुन्हा तेच बोट. असेल, उत्साहात असेल.

१६ जुलै
डोक्याला तेल लावायला बसवली. हात धरला तर ओढून घेतला. बोटांना चिरा, कातडी लालभडक. "हे काय व?" "साबन तिखट हाय." साबण तर तोच, नेहमीचा.
ताट घेऊन आतल्या खोलीत जाते. मला वाटायचं, मोबाईल बघत जेवते. पण मोबाईल तर माझ्याजवळ असतो.

२१ जुलै
यांच्याशी बोलले. "वखरावर माह्या हाताले फोड येते तवा आमी कोनाले सांगतो? पोरगी साफसफाई ठेवून राह्यली, तेही वाईट का?"
खरंच, चांगलं वागणाऱ्या पोरीची तक्रार कुणाकडे करायची? भांडली असती, उलट बोलली असती, तर कळलं तरी असतं.
कांताबाई म्हणते ओट्यावर उभी केली, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. तर अंकीने माझा ओवाळलेला हात मला धुवायला लावला. हसावं की रडावं!

२९ जुलै
प्राथमिक आरोग्य केंद्रात मीटिंग. संपल्यावर डॉक्टर मॅडमना गाठलं. "आमच्या शेजारची एक मुलगी" म्हणून सुरू केलं आणि अर्ध्यातच रडू फुटलं, मग काय लपणार. त्यांनी यवतमाळच्या समुपदेशक बाईंना फोन लावून दिला. बाई म्हणाल्या, रागावू नका, साबण लपवू नका. हट्ट नाही हा, भीती आहे. कशाची ते विचारा, आणि विचारून झालं की गप्प बसा.
गप्प बसा! आशाताईचं कामच बोलायचं.
येताना चावडीवर मीच चिकटवलेला कागद दिसला: वारंवार हात धुवा. दिवसभर गावाला धुवा म्हणायचं, संध्याकाळी लेकीला नको धुऊ म्हणायचं. खरी मी कोणती?

४ ऑगस्ट
विचारलं. "कायची भीती वाटते, अंके?"
"कायची नाई."
गप्प बसले. फार जड गेलं. मग तीच म्हणाली, "तू वरच्या मोहल्ल्यात त्या आजीच्या घरी गेलती ना?"
गेले होते. आजीला ताप होता. यवतमाळला नेलं, परत आली नाही.
"हाव."
"काहून गेली मंग?"
"ड्युटी हाय बेटा."
उठून पाण्याच्या टाक्यापाशी गेली, धुवायला. चुकलंच का माझं? पोरीनेच उलटा प्रश्न केला तर काय बोलायचं, ते बाईंनी सांगितलंच नव्हतं.

१० ऑगस्ट
काल जेवायला समोर बसली. लांब, उंबऱ्यात, पण समोर. हाताला खोबरेल तेलही लावलं. मला आकाश ठेंगणं. आज सर्वेहून यायला उशीर झाला आणि पहिले पाढे पंचावन्न. "मले शिवू नको." ती मला वाचवते आहे की माझ्यापासून वाचते आहे?
बाई फोनवर म्हणाल्या, असं मागंपुढं होतं, सोबत राहा. गरज पडली तर इथे यवतमाळला मनाच्या डॉक्टरांना दाखवू. यांना सांगितलं. "डोक्याच्या डॉक्टरले? लोकं काय म्हनतीन?" मग बैलांना चारा टाकून आले आणि म्हणाले, "कवा जा लागते?"

१८ ऑगस्ट, पोळा
गावात पोळा भरवायला मनाई. यांनी बैल घरीच सजवले. अंकी स्वतःहून शिंगं रंगवायला आली. हात लाल-निळे झाले, मी नुसती बघतेय. पुरणपोळी चारली, बैलाच्या गळ्यात हात टाकला. धुतले नंतर, पण आधी गळ्यात पडली.
मला शिवत नाही, बैलाला शिवते. राग आला मला, बैलाचा! कुणाला सांगितलं तर हसतील.

१९ ऑगस्ट, सकाळ
आज मारबत. दरवर्षी पोरं पळसाच्या फांद्या घेऊन गावाच्या शिवेवर जातात. खोकला, ताप, जे जे नको त्याचं नाव घेऊन "घेऊन जा गे मारबत" ओरडतात, फांदी फेकतात. यंदा घोळक्याने जायचं नाही. मीच अंकीला म्हटलं, चल दोघी जाऊ. आली. मागे, लांबून.
शिवेवर मी ओरडले, "कोरोना घेऊन जा गे मारबत!" वाटलं, तीही तेच म्हणेल. ती फांदी घट्ट धरून उभी. "भीती म्हन" असं शिकवणार होते. ओठांवर आलं होतं. गिळलं.
आणि अंकी ओरडली. किती महिन्यांनी तो आवाज ऐकला!
"माह्या आईची ड्युटी घेऊन जा गे मारबत!"
फांदी फेकली.
परतताना तिने माझा पदर धरला. हात नाही, पदर. घरी आल्यावर धुतला तो हात.
आता वरच्या मोहल्ल्यात जायचं आहे. त्या आजीच्या सुनेला ताप आहे, घरात लहान लेकरू, आणि माझ्याशिवाय तिच्याकडे कुणी फिरकत नाही. पिशवी भरून ठेवली आहे. अंकी उंबऱ्यात बसली आहे. वाट अडवत नाही, नुसती बसली आहे.
दोनदा उठले. पुन्हा बसून हे लिहिते आहे.