पोलक्यातला चोरखिसा

मी, कोकिळा वामनराव वानखडे, वय ७६, धंदा शिवणकाम, राहणार जळगाव जामोद, आपल्या मिळकतीची व्यवस्था स्वखुशीने सांगून लिहवते आहे. आता डोळ्यांना सुई दिसत नाही, डोके मात्र ठिकाणावर आहे. लिहून घेणारी माझी एकुलती मुलगी प्रेरणा, शिक्षिका.

१. राहते घर व शिलाई मशीन प्रेरणाला. शेजारच्या मनकर्णाबाईंना काही नाही, कारण त्या साक्षीदार आहेत. त्यांची पोलकी मी कधीच घट्ट शिवली नाहीत. घट्ट झाली ती त्यांचे दंड सुटल्यामुळे.

२. दोन सालांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी एका सिनेमाचे शूटिंग झाले. कोठ्यावरच्या बायकांची, पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यासाठी जुन्या पद्धतीची चाळीस पोलकी मी शिवली. हात सवयीने चालला आणि प्रत्येक पोलक्याला आतून, डाव्या काखेखाली, चोरखिसा ठेवून गेला. तो कोणी सांगितला नव्हता. चूक माझी.

३. सिनेमा प्रेरणासोबत बुलढाण्याला पाहिला. पडद्यावर कोठ्याची मालकीण झडती घेऊ लागली तसा माझे पोलके घातलेल्या नटीचा हात आपसूक काखेशी गेला. तिला कोणी शिकवले असेल? माझी मैत्रीण पंचफुला अशीच उभी राहायची. जिच्याकडे दिवसाउजेडी कोणी मान वर करून पाहत नसे, ती आज भिंतभर उभी, आणि सारे थिएटर तिच्यासाठी चिडीचूप! माझे हात जोडले गेले.

बाहेर आल्यावर प्रेरणा म्हणाली, "आई वं, या बायकायच्या लेकरायनं लोकायले तोंड कसं दाखवावं?" मी बसची पाटी वाचत राहिले.

४. प्रेरणा, पेन खाली ठेवू नको. त्या खिशात आम्ही आपापल्या पेटीची किल्ली लपवायचो. तो शिवायला पंचफुलानेच मला शिकवले. तिच्यासोबत कोठ्यावर मी सहा वर्षे होते. तुझ्या वडिलांना सगळे ठाऊक होते. म्हणाले, "मले तू पाह्यजे. मागचं कायले इचारू?" तसा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

५. घर तुझेच, अट कोणतीही नाही. मला आई म्हणायचे की नाही, ते तू ठरव. मरणाची नाही, पण त्याची मला भीती वाटते.

ठिकाण: जळगाव जामोद. दि. ९ फेब्रुवारी २०२५
सही: कोकिळा वामनराव वानखडे

साक्षीदार: १. मनकर्णाबाई ढोरे २. रमाकांत जोशी, निवृत्त कारकून

लेखनिक: प्रेरणा, वरील कोकिळाबाईंची लेक. हे एवढे शब्द आईने सांगितलेले नाहीत, माझे आहेत.