कापलेला कळस

शिरड शहापूर
११ फेब्रुवारी

चि. प्रतीक्षा हिस मामाचे अ. आ. वि. वि.

आधी तक्रार; कौतुक उरलं तर नंतर. लिंगराज देवळापुढचा तुझा फोटो मिळाला. त्यात तुझी वेणी शेंड्यासकट आली आहे आणि देवाचा कळस मात्र कापला गेला आहे. आत जाता आलं नाही तर कळसाचं दर्शनही पुरतं, असं आपल्याकडं मानतात. तुझ्या आईनं तिकडं गावी, साखऱ्यात, मोबाइल देव्हाऱ्यापुढं ठेवून हात जोडले आणि मग मला फोन करून विचारलं, की भागवत, कळस कुठं गेला? इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवतो, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तुझ्या वडिलांना, आमच्या संतरामदाजींना, मात्र फोटोत काहीच उणं दिसलं नाही. शेळ्यांच्या बाजारात त्यांनी तो गिऱ्हाइकाला दाखवला. देऊळ कुठलं, असं त्यानं विचारलं, तर म्हणाले म्हणे, देवळाचं आपल्याला म्हाईत न्हाई, पुढं उभं हाय ते माझं लेकरू, महाराष्ट्राकडून खो-खो खेळून राहिलं. या नादात बोकड विकायचा राहिलाच.

आता राष्ट्रीय स्पर्धेला भुवनेश्वरला गेलीच आहेस, तर शहर पाहून ये. मधल्या सुटीत उदयगिरीच्या गुंफा बघ. हाथीगुंफेतला खारवेल राजाचा लेख चुकवू नकोस. धौलीला अशोकाचा शिलालेख आहे. रविवारी कोणार्क.

या पत्राचा फोटो आमची अंजली पाठवते आहे. उत्तर हातानं लिहून त्याचा फोटो धाड. नुसत्या अंगठ्याच्या चित्राला मी उत्तर मानत नाही.

लोभ आहेच, वाढायलाही जागा आहे.

तुझा
भागवतमामा


भुवनेश्वर
१३ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र मुलींना वाचून दाखवलं. आता सगळ्या मला कळस म्हणूनच हाक मारून राहिल्यात. पण मामा, माझीबी तक्रार हाय. तुमी कोणार्क रविवारी काहून ठेवलं? रविवारी फायनल हाय. तोवर आमी हरून मोकळ्या होणार, असं धरूनच चालले होते का तुमी? तर ऐका, आज आमी सेमीफायनल जिंकलो! शेवटचा गडी मीच बाद केला, खुंटावर सूर मारून.

काल उदयगिरीला गेलो होतो. मुली वर गुंफा पाहून आल्या. मी खाली बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या, ऊन फार होतं. खारवेल राजाला तुमचा नमस्कार आमच्या कॅप्टन मोहिनीताईनं सांगितला. आईला म्हणा, मी बराबर जेवते, काही तकलीफ न्हाई.

लोभ असाच ठेवा, टोमणे जरा कमी करा.

तुमची
प्रतीक्षा


शिरड शहापूर
१४ फेब्रुवारी

चि. प्रतीक्षा हिस अ. आ. वि. वि.

चूक कबूल. सूर्याचं देऊळ रविवारी पाहावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पंचांग पाहणाऱ्याला सामन्यांचं वेळापत्रक दिसत नाही.

तुमच्या विजयाची बातमी मी आज सकाळी शाळेत परिपाठाला सांगितली. सांगायच्या आधी चष्मा काढून इतका वेळ पुसला, की कुणी तरी गेलं असं समजून पोरांनी मौन पाळायला माना खाली घातल्या. उद्या साखऱ्यात पारावर टीव्ही लावणार आहेत. दाजी जन्मात पहिल्यांदा शेळ्या दुसऱ्याच्या हवाली करून पहिल्या रांगेत बसणार आहेत.

आता खरं बोलतो. सिद्धेश्वरच्या धरणावर भर मे महिन्यात अनवाणी पळणाऱ्या पोरीला फेब्रुवारीत ऊन लागलं, हे तुझ्या आईनं मानलं. मी मानलं नाही. दिवाळीनंतर हिंगोलीत सूर मारताना दुखावलेला गुडघा पुन्हा सुजला आहे, आणि तू तो प्रशिक्षकांपासून लपवून राहिलीस. तुझ्या आईला मी काही बोललो नाही. पण तू आजच प्रशिक्षकांना सांग. त्यांनी खेळवलं तर खेळ, बसवलं तर पिशव्या सांभाळ. अभिमान वाटायचा तेवढा वाटून झाला आहे. पदकानं त्यात फार भर पडायची नाही.

एक फोटो लगेच पाठव. त्यात कळस नसला तरी चालेल, गुडघा दिसू दे.

लोभ आहेच. तुम्ही हराल याची मला भीती नाही. उद्याच्या एका सामन्यासाठी तू गुडघा लपवशील आणि पुढं तुला धावताच येणार नाही, याची मात्र फार वाटते.

तुझा
मामा