वावटळचं पुढे काय होणार

प्रिय धाकटे,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एखादं वाक्य तोंडातून काढलं की 'ताई, दमू नकोस' म्हणतेस आणि भलताच विषय काढतेस. कागदाला असं मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण पाठीमागे दोन उशा लावून, पोटावर चहाचा ट्रे ठेवून लिहावं लागतंय. आई स्वयंपाकघरात आहे. कुणाला लिहितेस म्हणून तिनं दोनदा डोकावून विचारलं. तुला लिहितेय म्हटल्यावर खूश झाली. म्हणाली, तिला म्हणावं नीट जेवत जा.

माझा पलंग आता पुढच्या खोलीत खिडकीपाशी हलवलाय. त्यामुळे येणाराजाणारा प्रत्येक जण आधी माझ्यासमोर येतो, आणि आल्याआल्या काय बोलावं हे कळेनासं झालं की सगळे एकाच विषयावर येतात. वावटळचं पुढे काय होणार? मी त्या मालिकेत काम करत होते, म्हणजे मला आतली बातमी असणार, असं यांना वाटतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक रोज पेपर द्यायला येतात आणि बसतात. त्यांचं ठाम मत आहे की वावटळ नदीत पडली, वाहून गेली आणि आता तिला काहीच आठवत नाहीये. पुढचा सीझनभर ती कुठल्यातरी गावात घड्याळं दुरुस्त करत बसणार, आणि तिचा वैरी काजळ्या तिला तिथे शोधत येणार. माझे पाय हलवायला येते ती फिजिओ म्हणते, छे, ती पडलीच नाही, तो काजळ्याचा भास होता. माझा पाय गुडघ्यात वाकवत, सरळ करत ती हे सांगते. पाय माझा आहे हे मला फक्त बघून कळतं. आईचा तर्क सगळ्यांत सोपा आहे. इतक्या गुणी मुलीला असं कोण मारेल, म्हणते.

तो शेवटचा प्रसंग तू पाहिलास तितक्या वेळा कुणी पाहिला नसेल, तरी सांगते. वावटळ पुलाच्या कमानीवर उभी आहे, खाली नदीचा काठ आणि शहर, काजळ्यानं वारा थांबवलाय. वारा नाही म्हणजे तिची ताकद नाही. ती तरीही उडी घेते. पडते, पडत राहते, आणि जमिनीच्या किंचित वर पडदा काळा होतो. संपला सीझन. लोक म्हणे ते दृश्य फोनवर थांबवून थांबवून पाहतात. काळं होण्याच्या आधी तिच्या डाव्या हाताची बोटं उघडतात, बघ. त्या बोटांवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. कुणी म्हणतं ती खूण आहे, वाऱ्याला हाक आहे. कुणी म्हणतं मुठीत काहीतरी होतं, ते तिनं सोडलं. शिक्षकांनी मला तो तुकडा फोनवर दाखवला आणि म्हणाले, "काय अभिनय आहे बाईचा! नुसत्या बोटांतून!" मी हो म्हटलं. काय सांगणार होते? ती बाई तेव्हा आपल्या गाडीत बसून कॉफी पीत होती, आणि बोटं माझी होती, आणि मी ढिला पडलेला दोर पकडायला बघत होते?

त्या नटीवर माझा राग नाही. ती स्टुलावर चढली तरी तिला घेरी येते, हे तिनंच मला पहिल्या सीझनला सांगितलं होतं. मुखवटा मी चढवायचा आणि उडायचं, मुखवटा तिनं उतरवायचा आणि बोलायचं, अशी आमची वाटणी होती. मला ती आवडायची वाटणी. घरी आल्यावर तू मला विचारायचीस, आज कुठून उडी मारलीस? मी सांगायचे, आणि तू गच्चीच्या कठड्यावर चढून दाखवायचीस, अशी का? आई खालून ओरडायची.

त्या दिवसाचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस. ते आता सांगते. दिग्दर्शकाला कमान, मी आणि खालची नदी असं सगळं एका चौकटीत हवं होतं. खाली काठावर रचलेल्या गाद्या चौकटीत दिसत होत्या. त्यानं त्या बाजूला सरकवायला सांगितल्या. आमचे स्टंटमास्तर म्हणाले, सरकवा, दोर आहे ना. दोराची कप्पी सकाळपासून अडकत होती, मधेच थांबायची आणि मग झटका देऊन सुटायची. मी वरून ओरडून सांगितलं, मास्तर, एकदा वाळूची गोणी सोडून बघू या. त्यांनी आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "उजेड जातोय गं. तू काय आज पहिल्यांदा उडतेयस?" हे वाक्य त्यांनी मला आधीही म्हटलं होतं आणि मला ते कौतुकच वाटायचं. ज्या माणसानं मला पडायला शिकवलं, पाठ गोल कर, हनुवटी आत घे, श्वास सोड, त्यानं दोर तपासला नसेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. कप्पी अडकली, सुटली, दोर सैल पडला. पाठ गोल करायला मला वेळच मिळाला नाही. मी शुद्धीत होते. कुणीतरी 'कट' म्हणालं, आणि टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. मी उठत नाही हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला.

कंपनीनं जाहीर केलं, चित्रीकरणात एका सहकाऱ्याला किरकोळ दुखापत. आणि तो शॉट ठेवला. इतका चांगला शॉट फेकून कसा द्यायचा! मास्तर दवाखान्यात एकदा आले. पायथ्याशी उभे राहिले, भिंतीवरच्या पंख्याकडे बघत "बरं वाटतंय ना" म्हणाले, आईनं पुढे केलेलं एक बिस्कीट खाल्लं आणि गेले. मी त्यांना काही बोलले नाही. बापासारखा माणूस, पार खचलेला दिसत होता. मला वाटलं, येईल परत, बसेल, बोलेल. आले नाहीत. पण वाट बघत होते मी त्यांची, हे तुला माहीत आहे. तूच म्हणायचीस, ताई, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत असेल, समजून घे.

आता मला कळतं की तू त्यांची बाजू इतकी का घ्यायचीस.

गेल्या आठवड्यात शिंपीकाका आले होते. आमचे कपडे शिवणारे. तेवढेच एक नेमानं येतात. येतात, डबा उघडून बसतात, आणि युनिटमधल्या सगळ्यांच्या चहाड्या सांगून मला हसवतात. त्या दिवशीही हसवत होते. बोलता बोलता म्हणाले, "तुझ्या धाकटीचं बरं आहे बघ, नवा सूट शिवावा लागला नाही. तुझाच खांद्यात जरा आवळला, बाकी अंगावर मापून शिवल्यासारखा." मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं. मग माझा चेहरा बघून त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. "तुला माहीत नव्हतं?" म्हणाले. मी म्हटलं, होतं हो काका, विसरले होते. बिचारे घाईघाईनं डबा बंद करून निघाले. जाताना दारातून म्हणाले, "ती म्हणते, ताईचं अपुरं राहिलेलं काम पुरं करायचंय."

धाकटे, माझं काम अपुरं राहिलं नव्हतं गं. मी जमिनीपर्यंत पोचले होते.

परगावच्या शाळेत मुलींना कसरती शिकवतेस, असं तू आम्हाला सांगितलंस. आई शेजारीपाजारी मिरवते, माझी धाकटी शिक्षिका झाली. मी पडल्या पडल्या तुझे सगळे फोन पुन्हा आठवून पाहिले. मला करायला दुसरं काय आहे? तू फोन केलास की आपण दोघी वावटळबद्दल बोलायचो. मला वाटायचं, माझं मन रमावं म्हणून बोलतेस. तू नवनवे अंदाज काढायचीस आणि मी ते हाणून पाडायचे. किती मजा यायची मला, तुला खरंच कल्पना नाही. दिवसभर लोक माझ्या पाठीबद्दल कुजबुजायचे आणि तू एकटी माझ्याशी पूर्वीसारखी भांडायचीस. एकदा तू म्हणालीस, "ताई, मला वाटतं वावटळला एक धाकटी बहीण असणार. पुढच्या सीझनमध्ये मुखवटा ती चढवणार." मी इतकी हसले की फिजिओला थांबावं लागलं. मी म्हटलं, लेखकाचं डोकं अगदीच चालेनासं झालं तरच तो बहीण आणेल. तू म्हणालीस, "पण आली तर? थोरलीला आवडेल का?" मी म्हटलं, थोरली मेली ना बाई, तिला कोण विचारतंय! आणि पुन्हा हसले.

तेव्हा तुझ्या हातात पुढच्या सीझनची गोष्ट होती. तू अंदाज बांधत नव्हतीस, मला चाचपून बघत होतीस. आणि उडी घेताना टाचा जवळ ठेवायच्या की लांब, झटका बसला तर मान कुठे वळवायची, हे जे तू मधे मधे सहज विचारायचीस, ते मला वाटायचं शाळेतल्या मुलींसाठी. मी जीव तोडून सांगायचे. श्वास लागेपर्यंत सांगायचे. मास्तर माझ्याकडे आले नाहीत, पण माझ्याकडून शिकून तू त्यांच्याकडे जात होतीस.

तू मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं? मी ओरडले असते, रडले असते, आईला सांगितलं असतं. हे सगळं खरं. म्हणून तू विचारलं नाहीस, हेही मला कळतं. पण तू एकदा, एकदाच, त्यांना विचारलंस का की माझ्या ताईच्या गाद्या कुणी सरकवल्या? मी शिंपीकाकांना फोन करून विचारलं. म्हटलं, नवी कप्पी आणली का? ते म्हणाले, "त्याच सामानावर चाललंय सगळं, पोरी. रंग तेवढा नवा मारलाय." म्हणजे रंग तुझ्या डोळ्यांसमोर मारला असणार. तू तिथे उभी होतीस आणि तुला काहीच वाटलं नाही? का वाटलं, आणि मास्तरांनी आकाशाकडे बघितल्यावर तू गप्प बसलीस? मला यातलं दुसरं खरं वाटतं. मी तुला ओळखते. मीही तशीच होते.

आजवर मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. परवा घेतलं. कामगार खात्यात तक्रार केली आणि काल तिथल्या तपासनीस बाई इथे येऊन, या पलंगाशेजारी बसून सगळं उतरवून घेऊन गेल्या. कप्पी, गाद्या, गोणी, मास्तरांचं वाक्य, सगळं. तेच सामान अजून वापरात आहे हेही सांगितलं. उद्या त्यांची माणसं तुमच्या सेटवर येणार आहेत. कमानीचं चित्रीकरण बंद पडेल, कदाचित पूर्ण सीझनच रखडेल, आणि तिथे प्रत्येक जण विचारेल की हे कुणी केलं. मास्तर तुला तिखटमीठ लावून सांगतील. त्यांच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. शिंपीकाका आज संध्याकाळी ते इथून घेऊन जातील आणि उद्या सकाळी कामावर आल्या आल्या तुझ्या हातात देतील. तू म्हणशील, ताईला माझं चांगलं झालेलं बघवलं नाही. खरंय, नाही बघवलं. तो सूट तुझ्या अंगावर आहे या विचारानं माझा जळफळाट झाला, तुझ्या जिवाची भीती त्यानंतर वाटली. तपासनीस बाईंना मी फक्त भीतीचं सांगितलं. त्यांनी सामान बदललं, गाद्या जागेवर ठेवल्या, तर तू खुशाल उडी मार, मी अडवणार नाही आणि बघणारही नाही. नाही बदललं, तर वावटळ पुलाखाली मेली एवढंच खरं, आणि कुणी विचारलं तर बिनधास्त माझ्याकडे बोट दाखव. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ते तू येऊन सांग. मला काय शिव्या घालायच्या आहेत त्याही समोर येऊन घाल. जिने चढून यावं लागेल, लिफ्ट अजून बंदच आहे.

तुझीच,
ताई