तुतीची सावली

बाबा,

इथूनच पाया पडतो. मी मजेत आहे. किल्ल्याच्या जुन्या बागेतलं रान काढून झालं. परवा एका वाळक्या खोडाला कोंब फुटला, तर मुकादमाने लगेच कुंपण घालायला लावलं. तुमचा गुडघा कसा आहे?

आईने लावलेली तुती यंदा लगडलीये, असं तुम्ही लिहिलंत. काल ताईने अंगणातला फोटो पाठवला. भर दुपारी दोरीवरच्या कपड्यांवर लख्ख ऊन पडलंय. तिथे तर तुतीची सावली असते. बाबा, माळ्याच्याच डोळ्यांत धूळ फेकता?

तोडलीत ना? अडचण असेल, विचारलं असतंत तर हो म्हणालो असतो. पण लगडलीये म्हणून कशाला लिहिलंत? मी इथे सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

गोळ्या वेळेवर घ्या.

रुसलेला, तरी तुमचाच,
धाकटा