खिशावरचं ठिगळ

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (गुडघे कुरकुरतात, म्हणून कागदावरच).

तुझा दमा कसा आहे? विचारायलाही तोंड नाही मला. माझ्या धुरापायीच तू या घराची पायरी चढणं सोडलंस, आणि आता 'सिगारेट सुटली' या माझ्या पत्रावर विसंबून रविवारी येते आहेस. ताई, तेव्हा ती सुटली नव्हती.

डॉक्टरांकडे गेलो होतो, ते मात्र खरं. ते म्हणाले, पॅच लावा, रोज नवा. चिठ्ठीही दिली, ती मी वाचलीच नाही. तीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला पॅच कसा लावायचा हे कुणी शिकवायचं? मला वाटलं, काय डोकं आहे डॉक्टरांचं! खिसाच बंद केला तर सिगारेटचं पाकीट ठेवणार कुठे? दुकानात आलो, शर्टाच्या खिशावर झकास ठिगळ मारलं आणि त्याच उत्साहात तुला 'सुटली' असं लिहून टाकलं. मग रोज एका शर्टाचा खिसा बुजवत गेलो. (पाकीट तोवर पँटच्या खिशात मुक्कामाला गेलं होतं.) आठवड्याने डॉक्टरांनी विचारलं, पॅच लावूनही ओढावीशी वाटते? म्हटलं, वाटते. तर म्हणाले, जास्त ताकदीचा लावा. मी घरी येऊन कॅनव्हास काढला आणि दुहेरी दोऱ्याने शिवला. पुढच्या खेपेला त्यांनी पॅच दाखवायला सांगितलं, तेव्हा मी अभिमानाने छाती पुढे केली. डॉक्टरांना हसता हसता ठसका लागला. मग औषधाचा खरा पॅच त्यांनी स्वतःच माझ्या दंडावर चिकटवला.

इथवर मीही हसत होतो. मग तुझं पत्र आलं. मी शिवून पाठवलेल्या तुझ्या नातीच्या फ्रॉकला धुराचा वास येतोय, टपालात लागला असेल, असं तू लिहिलंस. टपालाचा काही दोष नाही गं. काजं करताना माझ्याच तोंडात सिगारेट होती. दोन महिन्यांच्या पोरीचा फ्रॉक! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज खऱ्या पॅचचा अकरावा दिवस. हात शिवशिवले की बटणांचा डबा उपडा करून रंगांप्रमाणे निवडत बसतो. एकही ओढलेली नाही.

तुझा, तोंड लपवून बसलेला,
धाकटा भाऊ

ता.क. चौथ्या दिवशी अर्धी ओढली.

ता.क. अर्धी नव्हे, अख्खी.

ता.क. नवा फ्रॉक शिवलाय. रविवारी नक्की ये. मी तो घेऊन दाराबाहेरच उभा राहीन. आधी त्याचा वास घे, मग माझ्या शर्टाचा, आणि मगच पायरी चढायची की नाही ते ठरव.